उंबरठ्याबाहेरची वसुली

आजच्या दिवस दुकान पोराच्या नाहीतर शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आलेल्या माझ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

या मेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव ज्यांनी सुचवलं त्यांनी माझी खातेवही पाहिलेली नसावी. चौतीस वर्षं मी वसईत छापखाना चालवला. गावाच्या लग्नपत्रिका छापल्या, बाजारातल्या दुकानदारांची बिलबुकं छापली आणि स्वतःची उधारी मात्र डोक्यात ठेवली. डोक्यातल्या उधारीची एक गंमत असते. ती दरसाल थोडी थोडी आपल्याच बाजूने वाढते.

बायबल आणि धंदा म्हटलं की लोक बरकतीचं बोलतात. दशमांश द्या, आकाशाची दारं उघडतील. गल्ल्याच्या वर वचनाची चौकट माझ्याकडेही होती. पण फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ २०१० साली आलं, तेव्हा ते मी सवडीने वाचायला घेतलं आणि ज्या पानांवरून आपण भराभर पुढे जातो तिथेच अडकलो. वजनाचे धोंडे, गहाण, रोजंदारी, जामीन यांची ती पानं. लिहिणाऱ्याला बाजार ठाऊक होता, असं मला पदोपदी वाटलं.

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक नियम आहे. जातं गहाण घेऊ नये, नुसती वरची तळीसुद्धा नाही. कारण उघड आहे: जातं थांबलं की त्या घरचं पीठ थांबतं, आणि मग कर्ज फिटणार कशातून? वसुलीला जाऊन कुणाचं शिलाई मशीन किंवा टेम्पो ओढून आणणाऱ्याने हे हिशेब म्हणून तरी वाचावं. थोडं पुढे म्हटलंय की गहाणवस्तू आणायला ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभं राहावं, तो स्वतः घेऊन येईल.

हे वाचलं आणि मला एक दुपार आठवली. एका गिऱ्हाइकाकडे पत्रिकांचे आठ हजार राहिले होते. मी सरळ त्याच्या घरात जाऊन बसलो आणि त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर आकडा बोललो. चौथ्या दिवशी पैसे आले, रोख. तो माणूस पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही, आणि चर्चमध्ये शांतीचा हात द्यायची वेळ आली की आम्ही दोघंही भलतीकडे पाहायचो. आठ हजार मिळाले, यात वाद नाही.

आता भागीदारी. मित्राबरोबर ऑफसेट मशीन घेतलं. करारनामा करूया का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, विश्वास आहे ना, मग कागद कशाला? मलाही ते आवडलं. पुढे त्याने मुलीच्या लग्नाला रक्कम घेतली. त्याच्या लेखी तो नफ्यातला वाटा होता, माझ्या लेखी उचल. वकिलाने सांगितलं की ठरलेलं काही नसेल तर १९३२चा भागीदारी कायदा नफा-तोटा सारखाच वाटतो, आणि मशीनवर जास्त तास उभं राहण्याचा पगार मागता येत नाही. मी सकाळी सातपासून तिथे असायचो. तो संध्याकाळी यायचा.

यिर्मया संदेष्ट्याने शेत विकत घेतलं ती बायबलमधली गोष्ट आठवा. बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमला वेढा, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि चुलतभाऊ अनाथोथची जमीन विकायला येतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलली गेली. साक्षीदार बसले. खताच्या दोन प्रती झाल्या, एक मोहोरबंद, एक उघडी, आणि दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवल्या. व्यवहार चुलतभावाशी, आज्ञा प्रत्यक्ष देवाची, तरी कागद केला. आमचा विश्वास यिर्मयापेक्षा मोठा होता म्हणायचा!

भांडण झाल्यावर काय करावं, याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे: आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एकदोघांना ने, मग मंडळीला सांग. आपण उलटीकडून सुरुवात करतो. व्हॉट्सॲपच्या ग्रुपला आधी कळतं, त्याला शेवटी.

जामिनाबद्दल नीतिसूत्रे फारच कडक आहेत. अडकला असशील तर झोपूसुद्धा नकोस, आधी सुटका करून घे, असा त्यांचा सूर. आपला १८७२चा करार कायदाही, वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराला मूळ कर्जदाराइतकंच जबाबदार धरतो. पण तिकडे पौल फिलेमोनाला लिहितो की त्याच्या दासाचं, अनेसिमाचं, काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड, आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. मग खरं कोण? मला दोन्ही पटतात. आपल्याकडे १९१८ साली बॅसीन कॅथॉलिक बँक पतसंस्था म्हणून उभी राहिली. एकमेकांची पत धरल्याशिवाय सहकार चालत नाही. मात्र खिशातून भरण्याची तयारी असेल तेवढ्याच रकमेला सही करावी. भीड पडली म्हणून केलेली सही ही पौलाची सही नव्हे.

मोठ्या कंपन्या आपली बिलं थकवतात, याचा ठराव दुपारी येतोच आहे. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्याने आपल्यासारख्या नोंदणीकृत लहान पुरवठादाराला, करारात काहीही लिहिलं असलं तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत; पुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. ठराव जरूर करा, माझा हात वर आहे. फक्त त्याच चोविसाव्या अध्यायात मजुराला सूर्यास्तापूर्वी मजुरी द्यायला सांगितलंय. माझ्या बाइंडरला मी किती शनिवार ‘सोमवारी बघू’ म्हणालो, ते मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

त्या मित्राकडे मी सहा वर्षांनी गेलो. एकटा, आणि अंगणातच उभा राहिलो. त्याने आतून खुर्ची आणली, मग दुसरी आणली. अंधार पडेपर्यंत आकडे मांडले. त्याच्या हिशेबात माझी दोन पेमेंट होती, ती मी विसरलो होतो. माझ्या हिशेबात त्याची एक. कागद दोन प्रतींत झाला आणि त्याच्या सुनेने साक्षीदार म्हणून सही केली. माझी प्रत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. मडकं काही मिळालं नाही.