बाहेरचे खाणे
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



कार्यवाहांनी मला ‘शिक्षण आणि संस्कार’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. सुमारे पस्तीस वर्षे मी शाळेत याच विषयावर बोलत आलो आणि मुलांनी ते किती ऐकले हे आपण पाहतच आहात. म्हणून विषय बदलून घेण्याची परवानगी मी मागितली. शिरूर आणि दौंड या भीमेच्या दोन तीरांवरील तालुक्यांत आपली माणसे घराबाहेर काय खातात, कोठे खातात आणि कोणाच्या हातचे खातात, यासंबंधी मला बोलावयाचे आहे. विषय हलका वाटेल. आमच्या वडिलांना तर तो बोलण्याच्या योग्यतेचाच वाटला नसता.

वडील माळकरी. आठवड्याच्या बाजाराला पायमशीन बैलगाडीत घालून नेत आणि लिंबाखाली बसून बंड्या, कोपऱ्या, मुलांच्या चड्ड्या शिवीत. काजे-बटणे करण्यास मी बरोबर असे. समोरच्या हॉटेलात भज्यांचा घाणा कढईत पडला की त्याचा वास थेट मशीनपर्यंत येई. आम्ही मात्र फडक्यात बांधून आणलेली भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खात असू. हॉटेलात जेवणे म्हणजे घरात बाईमाणूस नसल्याची दवंडी, असे आजी म्हणे. चहा तेवढा चाले. चहाने बाट लागत नाही हे कोणी ठरविले, कोणास ठाऊक!

त्याच हॉटेलाच्या बाहेर, भिंतीतील कोनाड्यात, कान तुटलेले दोन कप पालथे घातलेले असत. आमच्या शेजारी चपला शिवणारे एक गृहस्थ बसत. वडिलांचे आणि त्यांचे सख्य मोठे होते. दोघे तंबाखू एकाच चंचीतील खात आणि ती चंची वडिलांनीच त्यांना शिवून दिलेली होती. परंतु चहाची वेळ झाली की वडील आत बाकावर जाऊन बसत आणि ते गृहस्थ बाहेर उभे राहून कोनाड्यातील कप स्वतः विसळून पुढे करीत. पोऱ्या वरून चहा ओती. ही गोष्ट १९६८ च्या सुमाराची. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ साली अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरविणारा कायदाही झाला होता. कोनाड्यातील कपांना त्याची वार्ता नव्हती. वडिलांनी कधी काही म्हटले नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो हे खरे; पण पुढे एकोणीस वर्षांचा झालो तेव्हाही मी वडिलांना त्याविषयी विचारले नाही.

नोकरी लागली ती दौंड तालुक्यात. बिऱ्हाड अजून आणले नव्हते, त्यामुळे आजीची दवंडी मला स्वतःलाच पिटावी लागली. दौंडच्या फलाटाचे माहात्म्य इंजिनामुळे आहे, हे आपल्यापैकी रेल्वेत नोकरी केलेल्या मंडळींना ठाऊक असेल. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. पुण्याकडून येऊन नगर-मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. त्यात गाडी बराच वेळ खोळंबून राही आणि त्या खोळंब्यावर दौंडमधील कित्येक चुली पेटत. गाडी थांबली की उतारू खाली उतरत. पुरीभाजी, बटाटेवडे, पाव-आम्लेट, आणि मोठ्या किटलीतील पुन्हा पुन्हा उकळलेला चहा! तो चहा उत्तम होता असे मी म्हणणार नाही. परंतु एका किटलीतून, एकाच तऱ्हेच्या पेल्यांत, पैसे टाकील त्याला तो मिळे. ब्रिटिश अमदानीत स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळत असे. माझ्या वेळी त्याचा मागमूसही उरला नव्हता. माझ्या शेजारी उभा राहून कोण वडा खात आहे हे मला कळत नसे आणि मी कोण हे त्यालाही कळत नसे. पहिल्या दिवशी मी वडा हातात घेऊन अंमळ घुटमळलो, हे आज कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दोन वडे घेतले.

अलीकडे जंक्शनला वळसा घालणारी कॉर्ड लाईन झाली आणि पुष्कळ गाड्यांचा इंजिन फिरविण्याचा वेळ वाचला. प्रवाशांची सोय झाली. फलाटावरच्या विक्रेत्याचे मत मात्र वेगळे असणार.

दौंडला जे रेल्वेने केले तेच शिरूरला एस. टी. ने केले. एस. टी. ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली आणि शिरूर त्याच रस्त्यावर आहे. गाडी थांबली की मिसळ, भजी, भेळ आलीच. स्त्रियांसाठी काही हॉटेलांत पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असे. सौभाग्यवतीस घेऊन मी प्रथम हॉटेलात गेलो तो अशाच पडद्याआड. पडद्याची शिवण उसवलेली होती आणि मिसळ येईपर्यंत त्या तिकडेच पाहत होत्या. शिंप्याच्या लेकीला दुसरे काय दिसणार?

शिरूरकडच्या पदार्थांत माझे मन मासवडीवर आहे. जुन्नर-आंबेगावपासून आपल्या तालुक्यापर्यंत हा पदार्थ घरोघर होतो आणि आता हमरस्त्यावरील हॉटेलांच्या पाट्यांवरही झळकतो. नावावरून माळकऱ्यांनी दचकू नये. आकार माशासारखा, एवढाच त्याचा आणि माशाचा संबंध. बेसन शिजवून, घोटून, ओल्या फडक्यावर थापावयाचे; त्यावर भाजलेले खोबरे, तीळ, शेंगदाणे, लसूण यांचे सारण पसरावयाचे; फडक्याच्याच आधाराने ते गुंडाळून दाबून बसवावयाचे आणि मग वड्या कापावयाच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. फडके मऊ, जुने, धुऊन विरलेले हवे. कोऱ्या कापडाला पीठ चिकटते. हॉटेलातील मासवडी बहुधा येथेच बिघडते. रस्सा मात्र काही ठिकाणी घरच्यापेक्षा चांगला असतो, हे मी घरी सांगत नाही.

मासे खाणारी मंडळी भिगवणला जातात. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, भीमेकाठची गावे आणि जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि त्याच पाण्यातील चिलापी, मरळ, वाम खाण्यासाठी आता पुण्याहून मोटारी येतात. त्यातील चवीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

आता ज्यासाठी हा विषय मागून घेतला ते सांगतो.

तयार कपड्यांनी आपला धंदा बसविला, हे येथे नव्याने सांगावयास नको. आपल्यातील एका तरुणाने वडिलांचे दुकान चार वर्षे ओढले, मग मशीन आईच्या स्वाधीन केले आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ मिसळीची गाडी लावली. मराठवाड्यातले, बिहारचे, उत्तर प्रदेशचे कामगार पाळी सुटली की त्याच्याकडे खातात. चतुर्थीला महागणपतीच्या दर्शनास येणाऱ्यांसाठी तो साबुदाण्याची खिचडी करतो. पहाटे तीनला उठतो. त्याच्यासाठी एका घरी मी शब्द टाकला होता. मुलीचे वडील म्हणाले, “गुरुजी, मुलगा चांगला आहे, पण लोकांची उष्टी काढतो.” मी काय म्हणालो असेन? काही म्हणालो नाही. मान हलविली, पोहे खाल्ले आणि उठलो. पाहुण्यांना ती संमतीच वाटली असणार. कुत्र्याने पळविलेली भाकरी कोरडी आहे म्हणून नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही.

पुढे एका चतुर्थीला मी त्याच्या गाडीवर गेलो. त्याने ओळखले. मला काही सांगता येईना. खिचडी मोकळी झाली होती, दाणा न् दाणा सुटा, वर शेंगदाण्याचे कूट बेताचे. त्याने पैसे घेतले, सुटे परत दिले आणि, “गुरुजी, मीठ बरोबर आहे ना?” एवढेच विचारले. शेजारच्या बाकावर आमच्याच गावचा एक कामगार खात होता. बोलता बोलता कळले की तो त्या चपला शिवणाऱ्या गृहस्थांचा नातू. पाणी त्याने आणि मी एकाच जगातून घेतले.

त्या तरुणाचे वय आज चौतीस आहे. स्मरणिकेच्या शेवटी छापावयाच्या वधू-वर सूचीत त्याचे नाव आहे. व्यवसायाच्या रकान्यात त्याच्या चुलत्यांनी ‘खाजगी नोकरी’ असे लिहून दिले आहे, ते मी काल पाहिले. सूचीची मुद्रिते अजून तपासावयाची आहेत असे कार्यवाह म्हणतात. तेथे ‘स्वतःचे उपाहारगृह, रांजणगाव’ असे छापावे, ही माझी त्यांना विनंती आहे. मुलाला विचारूनच मी हे सांगत आहे. आणि खाली चौकशीसाठी चुलत्यांचे नाव आहे, त्याच्या जोडीला माझेही घालावे.