गुरुवारची जुजबंदी



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. सगळं पुणं कामाला निघतं तेव्हा आम्ही घरी असतो. या उलट्या सुट्टीची पूर्वी मला फार अडचण वाटायची. नातलगांकडची कार्यं, मैत्रिणींच्या भेटी, सगळं हुकायचं. पण पुस्तकं बांधण्याचं काम माझ्या आयुष्यात आलं ते या गुरुवारमुळेच. गुरुवारी बाइंडरची दुकानं उघडी असतात आणि मी मोकळी असते.

मी एका लहान कारखान्यात हिशेब सांभाळते. मार्चअखेर झाली, ऑडिट उरकलं की वर्षभराची व्हाउचरं बांधायला द्यायची. कंपनीला हिशेबाची कागदपत्रं कायद्यानं आठ वर्षं जपावी लागतात, आणि सुटे कागद आठ महिनेसुद्धा धड राहत नाहीत. ती गाठोडी घेऊन मी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात जायचे. तळमजल्यावर दोन खणांची जागा, दारापर्यंत पुठ्ठ्यांच्या थप्प्या, आत एकटे काका. व्हाउचरं ते कडेला भोकं पाडून आरपार शिवतात. अशी शिवलेली वही पुरती उघडत नाही, आणि व्हाउचरांना तशी गरजही नसते.

एका वर्षी मी गेले तेव्हा ते काहीतरी निराळं शिवत होते. चार-चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडलेले, असे दहा-पंधरा जुडगे समोर रचलेले. सुई घडीतून आत जायची, पुढच्या भोकातून बाहेर यायची, आणि प्रत्येक जुडगा आधीच्या जुडग्याशी गाठीनं बांधला जायचा. मेण लावलेला दोरा कागदातून ओढला जाताना बारीक आवाज येतो. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "हा जुज, ताई. आणि ही जुजबंदी. असं शिवलेलं पुस्तक टेबलावर पालथा हात ठेवावा तसं सपाट उघडतं."

जुज हा शब्द अरबी. अर्थ भाग, हिस्सा. कागद, दप्तर, जिल्द हे शब्दही अरबी-फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले. आपल्या पोथ्या शिवत नसत. पानं सुटी, वर-खाली फळ्या, आणि भोवती रुमाल. शिवलेलं पुस्तक आणि ते बांधणारे हात आपल्याकडे त्या दुसऱ्या वाटेनं आले, आणि इथलेच होऊन गेले. पुण्यात कसब्यामध्ये कागदीपुरा आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. जुन्नरी आणि दौलताबादी कागद मराठी दफ्तरांमध्ये नावाजलेले होते. हे सगळं मला नंतर कळत गेलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की हे मला करता यायला हवं.

काकांनी नाही म्हटलं नाही, पण पहिले दोन महिने सुईही दिली नाही. फक्त घड्या. हाडाची सपाट पट्टी हातात, आणि कागद दुमडत राहायचं. मशीनवर केलेल्या कागदाला लाकडासारखी धाग्यांची दिशा असते. धाग्याच्या बाजूनं तो अलगद दुमडतो, विरुद्ध बाजूनं घडी फुटते. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर हवी. नाही तर खळ लागून कागद ओला झाला की पानं पाठीकडे लहरतात आणि पुठ्ठा वाकतो. दुकानातल्या स्वस्त वह्या चार दिवसांत वाकतात, त्याचं कारण बरेचदा हेच. माप बघून नव्हे, बोटांनी कागद हलकेच वाकवून ही दिशा ओळखायची. दोन महिन्यांनी मला ती डोळे मिटून कळू लागली, तेव्हा काकांनी टोच्या आणि सुई पुढे केली.

मग खळ. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवायचा, आणि कीड लागू नये म्हणून त्यात किंचित मोरचूद. मोरचूद विषारी असतं, म्हणून खळीचं पातेलं स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, ते वेगळंच. पावसाळ्यात खळ वाळत नाही, दाबाखाली ठेवलेल्या पुस्तकांना बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये मी काम बंद ठेवते. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याची वर्षअखेर असते, तेव्हाही. उरतात आठ महिने.

त्या आठ महिन्यांत आठवड्यातले चार दिवस, रात्री जेवणं झाल्यावर दीड तास. ताटं उचलली की त्याच टेबलावर चटई-सुरी-पट्टी मांडायची. हात ठरला, आणि वह्या बऱ्या होऊ लागल्या. दिवाळीच्या आधी एका प्रदर्शनात मी निम्मं टेबल भाड्यानं घेतलं आणि ४० वह्या मांडल्या. साधा गिरणीचा कागद, जुजबंदी शिलाई, वर इरकलीच्या साड्यांचे तुकडे लावलेली कापडी पाठ. किंमत ठेवली १८० रुपये. दुपारपर्यंत संपल्या. घरी येताना मला वाटत होतं, आपण फार मोठं काही केलं.

पुढच्या गुरुवारी वाड्यात गेले. काकांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "परवा एक गिऱ्हाईक तुमची वही घेऊन आलं होतं. म्हणालं, अशा पन्नास करून द्या. मी साडेतीनशे सांगितले. तर म्हणालं, त्या बाई १८० ला देतात, तुम्ही दुप्पट कसे लावता?"

मी गप्प. ते पुढे म्हणाले, "ताई, तुमचा पगार कारखाना देतो. माझा हीच वही देते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित वाद घातला असता. घरी येऊन मी जे रोज दुसऱ्यासाठी करते ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. हिशेब मांडला. त्या वहीला सामान लागलं होतं ११० रुपयांचं. उरले ७०. वेळ लागला होता अडीच तास. म्हणजे माझ्या हाताला मी तासाला २८ रुपये लावले होते. कारखान्यातल्या कुठल्याही नोंदीत मला असा आकडा दिसला असता तर मी ती नोंद परत पाठवली असती. इथे मात्र तोच आकडा लावून मी खुशीत घरी आले होते, कारण महिन्याच्या सात तारखेला माझ्या खात्यावर पगार जमा होणार होता. माझा पगार त्या स्वस्त वहीचा तोटा भरून काढत होता, आणि त्या तोट्याची झळ बसत होती दोन खणांच्या दुकानातल्या माणसाला.

नोकरी सांभाळून हातानं काही करून विकणाऱ्या सगळ्यांना मला हेच सांगायचं आहे. पुस्तकं असोत, मातीची भांडी असोत, क्रोशाची तोरणं असोत. आपण हौसेनं किंमत पाडतो, आणि आपल्याला ते औदार्य वाटतं. ते औदार्य नसतं. ज्याचं पोट त्याच कामावर आहे, त्याच्या पोटावर तो पाय असतो.

या संदर्भात मला लंडनमधली एक हकिकत फार जवळची वाटते. लेनर्ड आणि व्हर्जिनिया वूल्फ या लेखक दांपत्याला छपाई शिकायची होती. ते तिथल्या छपाई शिकवणाऱ्या शाळेत गेले, तर त्यांना सांगण्यात आलं की इथे फक्त कामगार संघटनेच्या शिकाऊ मुलांनाच शिकवतात, आणि त्यांची संख्याही ठरलेली असते. हौशी नवरा-बायकोला तिथे जागा नव्हती. मग १९१७ मध्ये त्यांनी एक छोटं हातयंत्र विकत घेतलं, जेवणघरात ठेवलं, आणि सोबत मिळालेल्या १६ पानी पुस्तिकेवरून खिळे जुळवायला शिकले. त्यांच्या होगार्थ प्रेसचं पहिलं पुस्तक दोघांची एकेक कथा असलेलं होतं. प्रती १५०, शिलाई आणि बांधणी घरीच. पूर्वी हे वाचताना शाळेनं त्यांना नाकारलं याचा मला राग यायचा. आता त्या संघटनेचंही म्हणणं मला कळतं. शिकून पोट भरायला बसलेल्या पोरांच्या शेजारी, पोटाची चिंता नसलेली माणसं येऊन बसली की मजुरीचा दर कुठे जातो, हे त्या कामगारांना ठाऊक होतं.

पण यावर उपाय हौशी माणसानं हाताची घडी घालून बसणं हा नाही. दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. कोलकात्याचे पी. लाल. सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. १९५८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी रायटर्स वर्कशॉप हे प्रकाशन सुरू केलं, आणि पुढे ते लालांच्या लेक गार्डन्समधल्या राहत्या घरातूनच चालत राहिलं. दिवसा वर्गात शिकवायचं, उरलेल्या वेळात पुस्तकं. खिळे हातानं जुळवलेले, बांधणी हातमागाच्या साडीच्या कापडात, वर सोनेरी अक्षरं, आणि मुखपृष्ठावरचं नाव लालांच्या स्वतःच्या वळणदार हस्ताक्षरातलं. विक्रम सेठ यांचा 'मॅपिंग्ज' हा पहिला कवितासंग्रह तिथूनच निघाला. २०१० मध्ये लाल वारले तोवर या घरातून हजारांवर पुस्तकं निघाली होती.

त्यातलं एक पुस्तक मी हातात घेऊन पाहिलं आहे. कापड पाहिलं, शिलाई पाहिली, पाठ दाबून पाहिली. मग एका पानावर थांबले. तिथे छापलं होतं, की हे पुस्तक तुलामिया मोहिउद्दीन यांनी हातानं शिवलं, चिकटवलं आणि बांधलं. आपल्याकडे लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, मुद्रकाचं असतं, मुखपृष्ठ काढणाऱ्याचं असतं. पुस्तक बांधणाऱ्याचं नाव मी तोवर कुठेही वाचलं नव्हतं. अक्षरजुळणीपासून ग्रंथालयाच्या शिक्क्यापर्यंत सगळ्यांच्या नोंदी राहतात, आणि ज्याच्या दोऱ्यावर पुस्तक उभं आहे त्याचीच राहत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

मी काय बदललं ते सांगते. गिरणीच्या कागदाच्या वह्या करणं थांबवलं. तशी वही कोणी मागितली तर मी वाड्याचा पत्ता देते. आता फक्त हातकागदाच्या करते. हा कागद सुती कापडाच्या कातरणांपासून होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. हा कागद गिरणीच्या कागदाहून जाड आणि मऊ, शाई पिणारा. मोठ्या ५ तावांमध्ये एक वही होते. ताव ४० रुपयांना, म्हणजे कागदाचे २००. पुठ्ठा, कापड, दोरा, खळ मिळून ९०. अडीच तासांची मजुरी ३००, तासाला १२०. हा दर काकांना विचारून ठरवला. बिघडलेले ताव, सुरीची पाती, प्रदर्शनाचं भाडं यांचे ६०. एकूण ६५०. किंमतपत्रिकेवर ही फोड मी तशीच लिहून ठेवते. काही लोक वाचतात, वही खाली ठेवतात आणि पुढे जातात. काही लोक वाचतात आणि दोन घेतात.

महिन्याला दहा, वर्षाला ८० वह्या. मजुरीचे म्हणून २४ हजार रुपये हाती येतात. त्यावर घर चालत नाही, आणि मी नोकरी सोडणार नाही. कारखान्याला या कामाबद्दल लेखी कळवलेलं आहे, आणि ते उत्पन्न मी माझ्या विवरणपत्रातही दाखवते. लोक मला विचारतात, हेच पूर्णवेळ का करत नाहीस? कारण पगार आहे म्हणून मला घाई नाही. खळ वाळायला दोन दिवस लागतात, तर मी दोन दिवस देऊ शकते. वाकडा शिवला गेलेला जुज उसवून पुन्हा शिवू शकते. लग्नाच्या परतभेटीसाठी ३०० वह्या पंधरा दिवसांत, अशी मागणी आली तर ती काकांकडे पाठवू शकते. ती त्यांची आहे. त्यांच्याकडे प्रेस आहे, हात झपाट्याचा आहे, आणि त्यांचं घर त्यावर चालतं.

प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर आता मी दोन ओळी लिहिते. बांधणारीचं नाव, आणि त्याखाली, जुजबंदी कोणाकडून शिकले त्यांचं नाव. काकांना पहिली वही दाखवली तेव्हा त्यांनी ते पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि ती वही गिऱ्हाइकाला न देता स्वतःकडेच ठेवून घेतली. तिचे ६५० रुपये त्यांनी माझ्या हातावर मोजून ठेवले. मी नको म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही.

श्रोतेहो, तुमच्या घरात पाठ सुटलेलं एखादं पुस्तक नक्की असेल. आजीचा ग्रंथ असेल, मुलांचा शब्दकोश असेल, कुणाच्या पत्रांचा गठ्ठा असेल. चिकटपट्टी लावू नका. चिकटपट्टीचा चिकटा कागदात उतरतो आणि कागद पिवळा पडतो. आपल्या गावात, आपल्या पेठेत बाइंडर शोधा. अजून आहेत, जिने चढून किंवा बोळातून आत जाऊन सापडतात. जुजबंदी करून द्याल का, असं विचारा. ते सांगतील तेवढे पैसे द्या. घासाघीस करू नका. आणि पुस्तक परत घेताना त्यांचं नाव विचारून घ्या, आणि शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहून ठेवा.