विमान उतरविण्याची शिस्त
(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १९५० साली सुरू झाला. विमानाच्या प्रतिकृती बनविणे व उडविणे हा त्याच्या शिक्षणाचा एक भाग आहे. शाळांच्या विज्ञान मंडळांनाही रेडिओ-नियंत्रित विमानाचा हा छंद हाती घेता येईल. मात्र विमान चढविणे त्या मानाने सोपे. ते सुखरूप उतरविणे हीच खरी विद्या होय.

विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवावे. हवेत ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारे विमान समोरून १० किलोमीटरचा वारा असता जमिनीलगत २० च्या वेगाने येते. तोच वारा पाठीशी असता ४० च्या. म्हणून मैदानाच्या कडेला फडके बांधलेली काठी रोवावी.

विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटते आणि नवशिका गोंधळतो. अशा वेळी जो पंख झुकलेला दिसेल, त्याच बाजूस नियंत्रकाची दांडी न्यावी. जणू पंखाला टेकूच द्यावा.

दुसरा धोका मोहाचा. विमान पट्टीपर्यंत पोहोचत नाही असे वाटताच विद्यार्थी त्याचे नाक उचलतो. वेग घटतो, पंखांची उचल संपते आणि विमान कोसळते. तेथे मोटारीची गती वाढवावी. नाक हळूच उचलावयाचे ते जमीन हातभर उरल्यावर.

थोडीही शंका आली, तर विमान पुन्हा वर न्यावे व नवी फेरी घ्यावी. त्यासाठी बॅटरीत पुरेशी शक्ती राखावी. परंतु उतरणाऱ्यास टाळ्या आणि परतणाऱ्यास हशा मिळत असेल, तर कोणता मुलगा परतेल? तो हशा थांबविणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. आरंभी दोन नियंत्रक जोडून शिकवावे, म्हणजे प्रसंगी शिक्षकास ताबा घेता येतो.

पंचायतीनेही विजेच्या तारांपासून दूर, मोकळे मैदान द्यावे. प्रेक्षक उडविणाऱ्याच्या मागे उभे राहतील आणि गुरे आत येणार नाहीत, हे पाहावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही. नकाशा आधी पाहावा.

वेळीच माघार घेऊन पुन्हा प्रयत्न करण्याचे धैर्य मुलांच्या अंगी बाणले, तर या छंदाचे सार्थक होईल.