उंच फुलझाडे का पडतात?



या व्यासपीठावरून आपण मोठमोठे विषय ऐकलेले आहेत. त्यांच्या रांगेत मी परसातल्या फुलझाडांचा विषय घेऊन उभा राहिलो, तेव्हा काहींना वाटले असेल की एवढ्यासाठी संध्याकाळ कशाला खर्ची घालायची! परंतु सांगोल्यासारख्या गावात परसातले फुलझाड ही लहान गोष्ट नव्हे. पाऊस बेताचा, उन्हाळा लांब. ज्या घरात न्हाणीचे पाणी मोरीत न सोडता आळ्यात वळवलेले असते त्या घरात सोनटक्का, कर्दळ आणि निशिगंध दिसतो. एका फुलाच्या दांड्यामागे वर्षभराच्या आंघोळीचे पाणी असते म्हणा ना! आणि तो दांडा उमलायच्या आदल्या दिवशी चिखलात आडवा पडलेला दिसला, म्हणजे काय वाटते ते ज्याने अनुभवले असेल त्यालाच कळेल.

मी ते अनुभवले आहे. १९७२ च्या दुष्काळात आमच्या परसातले सगळे काही गेले; जमिनीत सुकून पडलेले निशिगंधाचे मूठभर कंद मात्र पाऊस आल्यावर फुटले. त्या आनंदात मी आळ्यात शेणखत ओतले, वर कोणाकडून तरी आणलेला युरिया टाकला, आणि पाणी तर दोन वेळा. पाती हिरवीगार, मांडीला लागतील एवढी झाली. दांडे कमरेच्या वर गेले. शेजारीपाजारी बघायला येत. आई मात्र एकदा पाहून म्हणाली, "माजलंय ते. पडणार बघ." श्रावणात दोन दिवस पावसाची भुरभुर आणि वारा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा दांड्यांपैकी नऊ आडवे! त्यातले चार बुडाशी पिचलेले होते. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. पुढच्या वर्षी फुलायचे ते त्याच्या पोटी आलेल्या पिलांनी. म्हणजे त्या चार कंदांची सगळी कमाई माझ्या हौसेने मातीत घातली. गुलछडी या नावातच छडी आहे, पण त्या छडीला दुसरी छडी लावायची बुद्धी मला झाली नाही.

आईने 'माजलंय' म्हटले, त्या एका शब्दात पुष्कळसे वनस्पतिशास्त्र आहे. कोवळा दांडा कशाच्या बळावर उभा असतो? पाण्याच्या. मोट भरली की ताठ, रिकामी झाली की लुळी. तशाच दांड्यातल्या लाखो पेशी पाण्याने फुगून एकमेकींना रेटून धरतात. हे पाण्याचे बळ. पुढे दांडा जून होत जातो तसा आत काष्ठाचा धागा भरतो. ते दुसरे, खरे टिकाऊ बळ. खताचा आणि पाण्याचा मारा केला की वाढ इतकी झपाट्याने होते की पेशी लांबच लांब आणि पातळ भिंतींच्या होतात, काष्ठ भरायला सवड मिळत नाही. वर टोकाला कळ्यांचे ओझे. दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध असेल तर ओझे अधिकच, आणि पावसाचे पाणी पाकळ्यांत साठले की आणखी.

हे फुलांपुरतेच खरे आहे असे नाही. आपल्या देशी गव्हाला रासायनिक खत घातले की तो उंच वाढून लोळत असे, आणि खत वाढवूनही दाणा हाती येत नसे. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत जपानी बुटक्या वाणाचा संकर करून आखूड ताटाचा गहू तयार केला, तो मुख्यतः या लोळण्यावर उपाय म्हणून. १९६६ साली भारताने त्या बियाण्याचे सुमारे १८,००० टन आणवले. हरितक्रांती म्हणतो ती अशी दांड्याच्या लांबीपाशी येऊन ठेपते! उसाला मोठी बांधणी करून बुडाशी मातीची भर का चढवतात, हे आपल्यातल्या बागाईतदारांना मी सांगायला नको.

मात्र प्रत्येक पडलेले झाड माजूनच पडते असे समजू नका. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली आपली मालदांडी ज्वारी दाणा भरण्याच्या वेळी ओल तुटली की खडखड्याने पडते. ताट चिरून पाहा, आतला गाभा झडून काळी पूड झालेली असते. तिथे उपासमारीने कणा गेला. म्हणून परसातले झाड कलले की पहिल्याने बुडखा बोटांनी दाबून पाहावा. तो मऊ, काळा लागला तर काठी लावून काय उपयोग? पाणी तोडा, माती मोकळी करा, आणि कुजलेले झाड उपटून दूर टाका.

आता दुसरे कारण, जे आपण स्वतः घडवतो आणि आपल्या लक्षातही येत नाही: भिंत. जागा थोडी, म्हणून आपण फुलझाडे भिंतीकडेला लावतो. उजेड एकाच बाजूने येतो. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या मुलाच्या मदतीने गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करून १८८० साली दाखवून दिले, की उजेडाची जाणीव कोंबाच्या टोकाला होते आणि वाकतो तो खालचा भाग. पुढे कळले की टोकाकडून येणारे एक वाढद्रव्य अंधाऱ्या बाजूला जास्त साचते, ती बाजू अधिक लांबते, आणि झाड उजेडाकडे झुकते. तेव्हा भिंतीकडची कर्दळ अंगणात तोंड काढून वाकते, यात तिचा काय अपराध? भिंतीपासून दोन हात सरकवून लावा. सोनटक्क्याला दुपारची सावली लागते हे खरे, पण डोक्यावर आभाळ मोकळे हवे. त्याचे बेट तीन वर्षांत दाटते, मग मधले दांडे उजेडासाठी चढाओढीने उंच होतात आणि बाहेरचे चहूकडे फाकतात. असे बेट उकरून वाटून टाकावे. फुले संपलेला दांडा जमिनीलगत कापावा, तो पुन्हा फुलत नाही.

शेवंतीची गोष्ट निराळी. तिला काठीपेक्षा नखे उपयोगी. आषाढात रोप जरा धरले की शेंडा खुडायचा. बगलेतून फुटवे येतात, तेही वीतभर झाले की पुन्हा एकदा खुडायचे. झाड ठेंगणे, गोल होते आणि आपला भार आपण पेलते. खुडण्याचे काम भाद्रपद लागण्यापूर्वी आटोपावे, कारण रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते. जाता जाता सांगतो: रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर अंगावर पडत असेल तर तिला रात्र मोठी झालेली कळतच नाही. ती फुलायची थांबते आणि नुसती उंच वाढत राहते. एका भगिनीने मला विचारले होते, की कुंडी देवळाकडून आणलेली, तरी फुले का येत नाहीत? कुंडी दिव्याच्या खांबाखाली होती! (निशिगंधाचा शेंडा मात्र कोणी खुडू नका. तिथे शेंडा म्हणजेच फूल.)

आणि वारा? वाऱ्याला आपण शत्रू मानतो. आपल्याकडे वैशाखात वळवाचे वादळ, आषाढात पश्चिमेचा सततचा वारा. उगाच का ढालगावाकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या! पण अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जॅफी यांनी १९७३ साली एक मौजेची गोष्ट मांडली. रोपांचे दांडे रोज थोडा वेळ नुसते बोटांनी चोळले, तर ती रोपे न चोळलेल्या रोपांपेक्षा आखूड आणि जाड होतात. हलण्याने झाड बळकट होते. म्हणून चहूबाजूंनी पत्रे लावून झाडे कोंडू नका, आणि काठीला दांडा आवळून जखडू नका.

काठीचा विषय आलाच आहे तर सांगून टाकतो. काठी झाड पडल्यावर लावायची नसते. डाळिंबाच्या बागेत फांद्यांना बांबू आणि तारेचा आधार फळे वजनाला येण्यापूर्वी देतात, मोडलेल्या फांदीला कोणी देत नाही. डेलियाची काठी तर कंद लावण्याच्या आधी रोवावी, नाही तर ती नेमकी कंदातून आरपार जाते. निशिगंधाला दांडा वीतभर वर आला की लावावी. विकतचा बांबू हवाच असे नाही. माझा अनुभव विचाराल तर तुराट्यांसारखी चीज नाही. फाटे असलेल्या चार-पाच तुराट्या बेटाभोवती आणि मध्ये रोवून द्याव्यात. पाती आणि दांडे त्यांच्या फाट्यांतून वर येतात, महिन्याभरात तुराटी दिसेनाशी होते, गाठ एकही मारावी लागत नाही आणि झाड झुलतेही. पऱ्हाट्याही चालतात, पण त्या आदल्या वर्षीच्या, कीड नसलेल्या पाहून घ्या.

एकट्या दांड्याला काठी लावलीच, तर बांधायला तार नको, नायलॉनची दोरीही नको. ती दांड्यात रुतते. घायपाताचा वाख, केळीचे सोपट किंवा आई वापरायची तशी जुन्या लुगड्याची चिंधी घ्यावी. काठीला घट्ट, दांड्याला सैल, आणि दोहोंच्या मध्ये एक पीळ, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. मराठी आठ नव्हे, त्याचे टोक उघडेच राहते!

एवढे करूनही दांडा पडला तर त्याला सरळ करायच्या खटपटीत मोडू नका. पडलेल्या दांड्याचे टोक दिवस-दोन दिवसांत आपण होऊन आकाशाकडे वळते. मग त्याला उभे केले तर ते टोक आडवे होते, आणि दांडा नागमोडी. तो बुडाशी पिचला असेल आणि खालच्या दोन कळ्या उमलल्या असतील, तर सकाळी कापून पाण्यात ठेवावा. घरात वास तरी दरवळेल. पिचला नसेल तर जसा आहे तसा राहू द्या, बुडाशी दोन मुठी माती चढवा.

सध्या निशिगंध लावण्याचे दिवस आहेत. माझ्याकडे यंदा कंद पुष्कळ निघाले आहेत. अंगठ्यापेक्षा जाड आहेत तेवढेच निवडून मी बाहेर, चपला काढतो त्या ओट्यावर टोपलीत ठेवले आहेत. घरटी चार-चार न्यावेत. दोन-तीन बोटे खोल, वीतभर अंतराने, भिंतीपासून दूर लावा, युरिया नको. टोपलीशेजारी तुराट्यांची एक पेंडी आहे, तीही न्या.