बाजाराचा तळमजला कोणाचा?



गजबजलेल्या बाजारपेठेतील जुन्या इमारती पाडून तेथे दुकाने, कचेऱ्या आणि घरे एकाच आवारात सामावणारे संकुल बांधायचे ठरले, की सर्वांत आधी त्याचे चित्र प्रसिद्ध होते. चित्रात काचेचा दर्शनी भाग असतो, झाडे असतात, मोटारी असतात; माणसे मात्र तुरळक असतात. हमाल, हातगाडी, पाटी मांडून बसलेली भाजीवाली यांना त्यात जागा नसते. वास्तविक ज्या जमिनीची किंमत वाढल्यामुळे असे संकुल बांधणे परवडते, ती किंमत याच गर्दीने वाढविलेली असते. मूल्य निर्माण करणारेच चित्रातून गळावेत, हा चित्रकाराचा विसरभोळेपणा नव्हे. संकुलाचा आराखडा हा मुळात वाटपाचा दस्तऐवज असतो. कोणाला किती जागा, कोणत्या मजल्यावर आणि काय भाड्याने, याचा निवाडा त्यात झालेला असतो. म्हणूनच तो वास्तुशिल्पज्ञ आणि विकासक यांच्यावर सोपवून नागरिकांना स्वस्थ बसता येणार नाही.

दुकान, कारखाना आणि घर एकत्र असावे ही कल्पना नवी असल्याचा आविर्भाव आज केला जातो. मुंबईतील भुलेश्वर, काळबादेवी, भेंडीबाजार किंवा पुण्यातील जुन्या पेठा पाहिल्या तर ती किती जुनी आहे ते कळते. खाली पेढी, पोटमाळ्यावर माल, वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे आणि मागील बोळात कारागिरांची खोली, अशी ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. झवेरी बाजारातील चकचकीत दुकानांच्या माथ्यावर बंगाली कारागीर भट्टीपुढे बसून सोने घडवितात. पुढे नगररचनाशास्त्राने निवास एका विभागात, व्यापार दुसऱ्यात आणि उद्योग तिसऱ्यात, अशी फाळणी केली. आता तेच शास्त्र ‘मिश्र वापरा’कडे परतत आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. फरक एवढाच, की जुना मिश्र वापर लहान गाळे आणि स्वस्त भाडी यांवर उभा होता. नवा मिश्र वापर चौरस फुटाच्या दराने विकला जाणार आहे.

या दरामागचे अर्थशास्त्र समजावून घेणे अवघड नाही. रिकार्डोने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाची मीमांसा केली, ती शेतजमिनीच्या संदर्भात. सुपीक आणि निकृष्ट जमिनीच्या उत्पन्नातील तफावत खंडाच्या रूपाने मालकाकडे जाते, असे त्याचे प्रतिपादन होते. बाजारात सुपीकतेची जागा वर्दळ घेते. ज्या उंबरठ्यावरून अधिक माणसे जातात तो उंबरठा अधिक पिकतो. तळमजल्यावरील रस्त्याकडेचा गाळा ही बाजारातील बागायत, आतल्या बाजूचा गाळा जिरायत आणि जिना चढून गाठावे लागणारे दुकान बहुतेक वेळा पडीक. ही वर्दळ कोणत्याही एका मालकाने निर्माण केलेली नसते. ती रेल्वे स्थानकाने, महापालिकेच्या रस्त्याने, शेजारच्या शंभर दुकानदारांनी आणि त्यांच्याकडे येणाऱ्या हजारो गिऱ्हाइकांनी मिळून निर्माण केलेली असते. अशा सामाजिक मूल्याचे वाटप खाजगी सौद्याने व्हावे काय, हा या विषयातला मूळ प्रश्न आहे.

महाराष्ट्राला तो अपरिचित नाही. पुण्याची रे मार्केट ही मंडई उभारण्याचा प्रस्ताव १८८० च्या दशकाच्या आरंभी आला, तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्या खर्चाला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, अशी त्यांची भूमिका होती. मंडई झाली आणि पुढे तिला फुल्यांचेच नाव मिळाले. मुंबईत १८६९ मध्ये पूर्ण झालेले क्रॉफर्ड मार्केटही आज महात्मा फुले मंडई म्हणूनच नोंदले आहे. नाव देणे सोपे असते. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक जागा यांवर पहिला हक्क कोणाचा, हा फुल्यांनी विचारलेला प्रश्न मात्र दोन्ही इमारतींच्या कमानींखाली आजही उभा आहे.

मुंबईच्या जुन्या बाजारपेठा मोडकळीस का आल्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. कष्टकऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले. परंतु त्याच छपराच्या डागडुजीला लागणारा पैसा मालकाने खर्च करण्याचे कारणही संपले. मोकळ्या बाजारातील भाडे आणि कायद्यातील भाडे यांतील अंतर पागडीने भरून काढले आणि तो व्यवहार हिशेबाबाहेर राहिला. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून दुरुस्तीची जबाबदारी शासकीय मंडळाकडे दिली. परंतु डागडुजीचा वेग पडझडीच्या वेगाला गाठू शकला नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. जुने ते सारे राखावे असा हट्ट धरणाऱ्यांनी या ढिगाऱ्याकडे पाठ फिरवता कामा नये. पुनर्बांधणी झालीच पाहिजे. वाद आहे तो कोणत्या अटींवर, एवढाच.

शासनाने त्यासाठी निवडलेला मार्ग चटई क्षेत्राचा आहे. भाडेकरूंना नव्या इमारतीत विनामूल्य जागा द्यावयाची आणि त्या बदल्यात विकासकाला वाढीव बांधकाम विकण्याची मुभा मिळावयाची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींसाठी आणि पुढे समूह पुनर्विकासासाठी हीच पद्धत स्वीकारली गेली. भेंडीबाजारात २००९ मध्ये स्थापन झालेल्या एका विश्वस्त संस्थेने सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारती, तीन हजारांहून अधिक कुटुंबे आणि बाराशेंहून अधिक दुकाने यांचा एकत्रित विचार करणारी योजना हाती घेतली. एकेक इमारत सुटी पाडण्यापेक्षा साऱ्या मोहल्ल्याचा विचार करणे निःसंशय शहाणपणाचे आहे. रस्ते, मलनिःसारण आणि अग्निशमन यांची सोय त्यामुळेच शक्य होते. अंधाऱ्या खोलीत, सार्वजनिक शौचालयापुढे रांग लावून आयुष्य काढलेल्या कुटुंबाला मालकीचे स्वच्छ घर मिळते, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

तथापि या पद्धतीतच एक व्यंग आहे. सारा खर्च विक्रीच्या भागातून निघावयाचा असल्यामुळे जमिनीचा सर्वांत पिकाऊ तुकडा विक्रीसाठी मोकळा ठेवण्याकडे आराखड्याचा कल आपोआप झुकतो. दुकानदाराला ‘तेवढेच क्षेत्रफळ’ मिळेल असे आश्वासन देण्यात येते. ते क्षेत्रफळ रस्त्यावर आहे, आतल्या मार्गिकेत आहे की दुसऱ्या मजल्यावर आहे, हे मात्र बारीक अक्षरांत असते. शंभर चौरस फूट म्हणजे शंभर चौरस फूट, हे गणित घराच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरे आहे. दुकानाच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. दुकानदाराचे उत्पन्न क्षेत्रफळावर अवलंबून नसते, दर्शनी रुंदीवर असते. जुन्या पेठेतला आठ फूट रुंदीचा गाळा खोल आणि अंधारा असेल, पण त्याचे तोंड रस्त्याला असे. त्याला आतल्या मार्गिकेत समान क्षेत्रफळ देणे म्हणजे बागायतदाराला तेवढेच एकर माळरान देण्यासारखे आहे.

तेव्हा बाजारपेठेतील संकुलाची पहिली अट अशी असली पाहिजे: जुन्या दुकानदाराला क्षेत्रफळाइतकीच दर्शनी रुंदीही परत मिळावी. हे साध्य करण्याचा मार्ग वास्तुशास्त्रात आहे. इमारत ही भिंत न होता तिच्या पोटातून बोळ जावेत. ते दोन्ही टोकांना वाहत्या रस्त्यांना मिळावेत, जेणेकरून माणसे संकुलात ‘शिरणार’ नाहीत, तर त्यातून सहज जातील. ज्या बोळाला दुसरे तोंड नाही तेथील दुकाने ओस पडतात. तळमजला लहान गाळ्यांचा, वर गोदामे आणि कारखाने, त्यावर कचेऱ्या आणि सर्वांत वर घरे, असा क्रम गिऱ्हाइकाच्या सवयीशी जुळतो. घरांचा जिना आणि कारखान्यांचा जिना वेगळा असणे ही शोभेची बाब नाही. दिल्लीच्या अनाज मंडी भागात ८ डिसेंबर २०१९ रोजी लहान कारखान्यांच्या इमारतीला आग लागली, तेव्हा तेथेच झोपलेल्या कामगारांसह ४३ जण मृत्यू पावले. मिश्र वापर कागदावर नाकारला आणि प्रत्यक्षात चालू दिला, की तो असा सूड घेतो. त्याला उघडपणे मान्यता देऊन जिने, पाणी आणि वायुवीजन यांची सोय करणे हाच सुरक्षिततेचा मार्ग होय.

दुसरी अट मालाच्या वाहतुकीची. बाजार हा गिऱ्हाइकांचा असतो त्याआधी हमालांचा असतो. पहाटे माल उतरतो, दुपारी तो गोदामात चढतो, संध्याकाळी कचरा निघतो. संकुलात मोटारींसाठी दोन-दोन तळघरे खोदली जातात. पण हातगाडी उभी करण्यास ओटा नसतो, मालाची उद्‌वाहने नसतात, हमालाला पाठ टेकण्यास सावली नसते. याच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालाला कामगार म्हणून ओळख दिली. कायद्याने ओळखलेला हा माणूस नकाशाने ओळखू नये, हे अजब आहे. तीच गोष्ट स्त्रियांची. बाजारात विकणाऱ्या आणि विकत घेणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी असूनही त्यांच्यासाठी स्वच्छ प्रसाधनगृह हे अजूनही चळवळ करून मागावे लागते.

तिसरी अट सर्वांत कळीची आहे, कारण ती कागद नसलेल्यांची आहे. पुनर्विकासाची पात्रता नोंदीवर ठरते. भाडेपावती ज्याच्या नावे तो पात्र. त्याच्या दुकानापुढील पायरीवर तीस वर्षे लिंबू-मिरची विकणारी बाई, पोटभाडेकरू कारागीर, रात्री दुकानातच झोपणारा नोकर यांची गणना कोठेच होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग मानला. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतील, असेही सांगितले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने पुढचे पाऊल टाकले. सर्वेक्षण पुरे होईपर्यंत विक्रेत्यांना हटवू नये, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत, स्थलांतर शक्यतो टाळावे, आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार वारसा बाजार मानावेत, अशी त्याची दिशा आहे. परंतु हा कायदा एका खात्यात आणि इमारतीच्या नकाशाची मंजुरी दुसऱ्या खात्यात, अशी विभागणी झाली, की विक्रेता दोन्हींच्या मधल्या फटीत नाहीसा होतो.

हे अटळ नाही, याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत आहे. डर्बन शहराच्या वॉरविक जंक्शन भागात बस, रेल्वे आणि टॅक्सी यांची स्थानके एकवटली आहेत आणि त्यांच्याभोवती हजारो विक्रेत्यांचा बाजार आहे. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर १९९० च्या दशकात तेथील महापालिकेने विक्रेत्यांना सोबत बसवून आराखडा तयार केला. वापरात नसलेल्या एका उड्डाणपुलावर पारंपरिक औषधी वनस्पतींचा बाजार वसविला. याच भागातील, १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या आणि भारतीय वंशाच्या भाजी पिकविणाऱ्यांशी निगडित असलेल्या ‘अर्ली मॉर्निंग मार्केट’च्या जागी २००९ मध्ये भव्य मॉल उभारण्याचा घाट घालण्यात आला. विक्रेत्यांनी रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला आणि ती योजना मागे पडली. जी महापालिका विक्रेत्यांना सोबत घेऊ शकते तीच दहा-बारा वर्षांनी त्यांना विसरूही शकते, हा त्यातला धडा आहे. संघटना नसेल तर चांगला नकाशाही टिकत नाही.

राहता राहिला काळाचा प्रश्न. नव्या जागेचे आश्वासन कितीही पक्के असले तरी बांधकामाच्या वर्षांत दुकानदार काय करणार? घर सोडून गेलेला भाडेकरू परत येऊ शकतो. दुकान सोडून गेलेले गिऱ्हाईक सहसा परत येत नाही. मुंबईत संक्रमण शिबिरांत गेलेल्या अनेक कुटुंबांच्या पिढ्या तेथेच वाढल्या. म्हणून बांधकाम टप्प्याटप्प्याने व्हावे आणि बाजार एक दिवसही पुरता बंद पडू नये, अशी रचना हवी. त्यानंतर प्रश्न येतो देखभालीचा. नाममात्र भाडे भरणाऱ्याला उद्‌वाहन, पंप आणि पहारेकरी यांचा मासिक खर्च पेलला नाही, तर तो मालक होऊनही जागा विकून निघून जातो. हकालपट्टी तेव्हाही होतेच. तिला फक्त नोटीस लागत नाही. विक्रीच्या नफ्यातून देखभालीचा कायम निधी उभारण्याची अट म्हणूनच मंजुरीपूर्वी घातली पाहिजे.

या साऱ्याचे तात्पर्य एवढेच, की बाजारपेठेत नकाशाआधी गणती व्हावी. एक संपूर्ण आठवडा, पहाटे चारपासून रात्री दुकानांच्या फळ्या लागेपर्यंत, तेथे कोण काय करतो, कोठे उभा राहतो आणि कोठे झोपतो, याची नोंद व्हावी. ती यादी बाजारातच फळ्यावर लावावी, तिच्यावर हरकती ऐकाव्यात आणि यादीतील प्रत्येक माणसाला तळमजल्याच्या नकाशावर बोट ठेवून आपली जागा दाखविता आल्याखेरीज बांधकामाला परवानगी देऊ नये. विकासक म्हणतील, यात वेळ जाईल. वेळ जाईल हे खरेच. पण ज्या बाजाराला उभे राहण्यास शंभर-दीडशे वर्षे लागली, त्याच्यासाठी एक आठवडा मोजणीला देण्यास कोणाची हरकत आहे, एवढे कळले तरी ते संकुल कोणासाठी बांधले जात आहे याचे उत्तर मिळून जाईल.