साथीच्या काळातील शस्त्रक्रिया : भय आणि विवेक



या स्मृतिव्याख्यानाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. मी इंदुरातच व्यवसाय करणारा स्त्रीरोगतज्ज्ञ. म्हणून माझ्या कामातील एका कठीण प्रश्नाविषयीच बोलतो.

मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनाचे पहिले रुग्ण इंदुरात आढळले आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात या शहराने दोन डॉक्टर गमावले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कार्बन डाय-ऑक्साइड वायूने पोट फुगवावे लागते आणि विजेच्या उपकरणाने ऊती कापताना धूर होतो. त्याबरोबर विषाणू बाहेर आला तर? हेपॅटायटिस-बीचा विषाणू अशा धुरात पूर्वी आढळला होता. त्यामुळे शंका निराधार नव्हती. ब्रिटनमधील शल्यचिकित्सकांच्या संस्थांनी त्याच मार्चमध्ये ही पद्धत शक्यतो टाळावी असे सुचविले.

परंतु पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया तरी निर्धोक होती काय? धूर तेथेही होतोच, आणि तो मोकळा पसरतो. शिवाय रुग्णेला अधिक दिवस खाट अडवावी लागते. उलट, बंद पोटातील वायू ताब्यात ठेवता येतो. छेद नळीपुरताच घ्यावा, वायूचा दाब शक्य तितका कमी ठेवावा, विजेचा वापर बेताने करावा, धूर गाळणीतून ओढून घ्यावा आणि नळ्या काढण्यापूर्वी सर्व वायू गाळणीवाटेच सोडावा, असे नियम आम्ही पाळू लागलो. भूल देताना घशात नळी घालण्याचा क्षण सर्वांत जोखमीचा. त्या वेळी आवश्यक तेवढीच माणसे आत थांबत.

गर्भाशयातील गाठींच्या अनेक शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. त्याची किंमत रक्तस्रावाने फिकट पडलेल्या स्त्रियांनी मोजली, हे विसरता येत नाही. पण बीजांडकोशाला पडलेला पीळ थांबत नाही. एका तरुण स्त्रीच्या गर्भनलिकेत गर्भ राहून पोटात रक्त साचू लागले होते आणि तपासणीचा अहवाल यायचा होता. ती बाधित आहे असे गृहीत धरून, पूर्ण संरक्षक पोशाखात आम्ही दुर्बिणीनेच शस्त्रक्रिया केली. ती बरी होऊन घरी गेली.

मे २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ने २४ देशांतील १,१२८ शस्त्रक्रिया-रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोना झालेल्या या रुग्णांपैकी २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले. म्हणजे आम्ही धुराला भीत होतो, तेव्हा मोठा धोका रुग्णाच्याच फुप्फुसांना होता. म्हणूनच आधी तपासणी करणे आणि, २०२१ च्या अभ्यासानंतर, संसर्गानंतर शक्य तेथे सात आठवडे थांबणे हे महत्त्वाचे ठरले. दुर्बिणीच्या वायूतून शल्यवैद्याला कोरोना झाल्याचा निःसंशय पुरावा मात्र पुढेही मिळाला नाही.

इंदूरला साथ नवी नाही. प्लेगने गांजलेल्या या शहरात पॅट्रिक गेडीस यांनी दिवाळीची मिरवणूकच स्वच्छतेच्या कामी लावली आणि १९१८ मध्ये दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला. लोकांचे भय त्यांनी झाडूकडे वळविले. आम्ही आमचे भय गाळणीकडे आणि नियमांकडे वळविले. विद्यार्थी मित्रांनो, पुढची साथ तुमच्या हयातीत येईल. तेव्हा भय वाटेलच. त्यातून नेमका प्रश्न विचारावा आणि पुरावा बदलला की उत्तरही बदलावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.