फुलपाखरांची सोयरीक



कोणतं फुलपाखरू कोणाच्या जवळचं...
हे कसं ओळखायचं?
रंगावरून? नको. रंग फसवतो.

कॉमन मॉर्मन घ्या.
नर काळा. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ.
पण त्याच्या कितीतरी माद्या निराळ्याच!
काळ्या पंखांवर पांढरे आणि लाल डाग...
हुबेहूब कॉमन रोझसारख्या.
रोझ विषारी. पक्षी तिला टाळतात.
मग या सोंगाडीलाही टाळतात.

आता पंख सोडा, अंग बघा.
रोझचं अंग लाल. हिचं काळं.

अळी तर सगळंच उघड करते.
रोझची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते.
तिच्या अंगावर लाल, मऊ गाठी.
मॉर्मनची अळी कढीपत्त्यावर, लिंबावर.
लहानपणी ती चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते!
मोठी झाली, की हिरवीगार.
आणि अशीच अळी असते ब्लू मॉर्मनची...
म्हणजे महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराची.
खरी जवळीक इथं आहे.

रोझही अगदी परकी नाही बरं का.
तिघांच्याही अळ्या डिवचल्या,
की डोक्यामागून दुबेळकं शिंग बाहेर काढतात.
वास उग्र!
ही साऱ्या स्वॅलोटेल कुळाची खूण.

तेव्हा पुन्हा सांगते... रंग फसवतो.
म्हणून अभ्यासक पंखांच्या शिरांची मांडणी पाहतात.
सूक्ष्मदर्शकाखाली प्रजननाचे अवयव तपासतात.
हल्ली डीएनएशीही ताडून बघतात.

तुमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर अळी दिसली,
तर झटकू नका.
काडीनं अलगद स्पर्श करा...
आणि नाक जरा लांब ठेवा!